गोधामांस : ग्रंथातील आणि ताटातील

आष्टी-पाटोदा भागातील रुग्ण तपासताना एक प्रश्न आम्हांस हमखास विचारला जातो : "घोरपडीचं कालवण दिलं तर चालेल का?" रुग्ण बहुधा दीर्घ आजाराने खंगलेला असतो आणि विचारणारा त्याचा बाप किंवा भाऊ असतो. काही वर्षांपूर्वी क्षयाच्या एका तरुण रुग्णाच्या वडिलांना आम्ही सहज म्हणालो, "ग्रंथात आहे खरं." पंधरा दिवसांनी ते मोठ्या समाधानाने सांगू लागले, "वैद्यबुवा, तुमच्या सांगण्यावरून दोन घोरपडी आणवल्या." आम्ही तसे सांगितले नव्हते, परंतु वैद्याच्या तोंडचे वाक्य रुग्णाच्या घरी व्यवस्थापत्रच ठरते, हे त्या दिवशी उमगले.

ग्रंथात आहे हे खोटे नव्हे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात बिलेशय प्राण्यांत गोधा श्रेष्ठ मानली आहे. सत्ताविसाव्या अध्यायात तिचे मांस वातपित्तशामक, बृंहण व बलवर्धक म्हटले आहे. मयूरमांस दृष्टी, श्रवण, मेधा व स्वर यांस हितकर सांगितले आहे. आयुर्वेद म्हणजे केवळ पालेभाजी, असे सांगणाऱ्यांनी मांसवर्ग एकदा वाचावा. रसनेच्या सुखाविषयीही आमचा दांभिकपणा नाही. बालपणी आजोळी बालाघाटाच्या पायथ्याशी तित्तिराचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी आम्ही खाल्ली आहे. ती चव अजून स्मरते. कोंबडीच्या कोणत्याही रश्श्याला ती आलेली नाही.

तथापि ज्या चरकाने हे गुण लिहिले, त्यानेच खाणाऱ्याचे मनही ओळखले होते. राजयक्ष्मा चिकित्सेत तो सांगतो की, गिधाड व घुबड मयूर म्हणून द्यावे, कावळा तित्तिर म्हणून, मांजर व कोल्ह्याचे पिल्लू ससा म्हणून. इतकेच नव्हे, तर गांडुळे तळून माशाची आतडी म्हणून वाढावीत. कळले तर रुग्ण किळसेने खाणार नाही, किंवा खाल्लेले ओकून टाकील, हे त्याचे कारण. हेतू रुग्णाच्या हिताचा होता. परंतु आज कोणी वैद्य असे करू लागला तर त्यास आम्ही फसवणूकच म्हणू. ताटात काय आहे हे जाणण्याचा हक्क रुग्णाला आहे, हे आपण सर्वांनी मान्य केले आहे. म्हणजे ग्रंथातील एक स्पष्ट विधी आपण काळ ओळखून बाजूला ठेवलाच आहे. मग गोधा आणि मयूर यांच्याच बाबतीत ग्रंथाची ढाल पुढे का करावी?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात हे दोन्ही प्राणी पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकारीस तीन ते सात वर्षे कारावास आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड आहे. तित्तिर, लावा आणि ससा यांनाही संरक्षण आहे. मोरांसाठी तर आपल्याच पाटोदा तालुक्यात १९९४ पासून नायगाव मयूर अभयारण्य आहे. पकडला जातो तो बहुधा फासे लावणारा गरीब माणूस. दाम मोजणारा आणि 'औषध म्हणून' असे म्हणून त्यास पाठबळ देणारा मोकळाच राहतो. आम्ही त्या दिवशी या दुसऱ्या वर्गात बसलो होतो.

मयूरघृताचेच पाहा. चिकित्सास्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात दशमूळ, बला, रास्ना आदींसह मोर शिजवून ते सिद्ध करण्यास सांगितले आहे. बहुतेक जण तेथेच थांबतात. पुढे चरक म्हणतो की, याच कल्पाने उंदीर, कोंबडा, हंस किंवा ससा यांचे घृतही बुद्धिमान वैद्याने ऊर्ध्वजत्रुगत विकारांसाठी सिद्ध करावे. मोराविना अडून बसण्याचे कारण ग्रंथकारानेच ठेवलेले नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी याहून अधिक सावध राहावे. मयूरपिच्छ मषीसाठी पिसे घेताना ती गळून पडलेली आहेत, उपटलेली नाहीत, याची खात्री करावी. उपटलेल्या पिसाच्या मुळाशी रक्तमांसाचा अंश राहतो. 'हाथाजोडी' या नावाने येणारी वस्तू तर मुळीच ठेवू नये. वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाणारी ही वस्तू अनेकदा नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ मध्ये उघडकीस आले. चरकाने एका मांसाला दुसऱ्याचे नाव दिले ते रोग्याच्या जिवासाठी. येथे प्राण्याला वनस्पतीचे नाव दिले जाते ते गल्ल्यासाठी.

त्या तरुणाची क्षयाची नियमित औषधे चालू होती व ती त्याने पूर्ण केली. घोरपडी थांबवून गावरान कोंबड्याचा मांसरस, अंडी आणि दूध देण्यास आम्ही सांगितले, तेव्हा वडील नाराज झाले. कोंबडा तर कोणीही खातो, त्यात औषध ते काय, असा त्यांचा आक्षेप होता. आम्ही पंचविसावा अध्याय उघडून त्यांच्यापुढे ठेवला. बल्य द्रव्यांत श्रेष्ठ म्हणून तेथे नाव आहे ते कुक्कुटाचे.