चंद्रावरचा सिग्नल सव्वा सेकंदात येतो, समुद्रतळातून चार सेकंद लागतात. अवकाशाचे आणि खोल समुद्राचे व्हिडिओ नेमके बनतात कसे?

तारीख २३ ऑगस्ट २०२३. संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं. चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, तेव्हा इस्रोच्या यूट्यूब चॅनेलवर एकाच वेळी ८० लाखांपेक्षा जास्त लोक होते. शाळा-कॉलेजांनी हे लाइव्ह दाखवावं, असं आवाहन इस्रोनं केलं होतं. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले, स्टेटस पडले.

पण आपण टाळ्या वाजवल्या त्या काय बघून? लँडर उतरतानाचा व्हिडिओ बघून? तर नाही. स्क्रीनवर होतं ते ॲनिमेशन. लँडरच्या कॅमेऱ्यानं उतरताना टिपलेली खरी दृश्यं इस्रोनं दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला टाकली.

ॲनिमेशन होतं म्हणजे फसवलं, असं अजिबात नाही. बाजूला उंची आणि वेगाचे जे आकडे पळत होते, ते यानाकडून येत होते. चित्र काढलेलं होतं, आकडे खरे होते. याचा पुरावा हवा असेल तर ७ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. चांद्रयान-२ उतरत होतं. ग्राफवर ठरलेल्या मार्गाची लाल रेषा होती आणि तिच्यावरून हिरवा ठिपका खाली येत होता. तो ठिपका रेषेवरून सरकला, नंतर थांबला. संपर्क तुटला. एकही फोटो न दाखवता त्या ठिपक्यानं देशाला सगळं सांगितलं. विज्ञानाचा व्हिडिओ म्हणून मला ती अर्ध्या मिनिटाची क्लिप आजही सगळ्यात भारी वाटते.

आता याच्या उलट गोष्ट. चांद्रयान-३ उतरल्यावर एक फोटो तुफान फिरला. चंद्राच्या मातीत अशोकस्तंभाचा आणि इस्रोच्या लोगोचा एकदम कोरीव ठसा. प्रग्यान रोव्हरच्या मागच्या चाकांवर ही चिन्हं खरोखर होती, म्हणून फोटोवर विश्वास बसला. पण तो फोटो चंद्रावरून आलेलाच नव्हता. एका कलाकारानं तो कॉम्प्युटरवर बनवला होता.

म्हणजे ॲनिमेशन खरं असू शकतं आणि फोटो खोटा. मग ओळखायचं कसं? त्यासाठी हे व्हिडिओ तयार कसे होतात ते बघावं लागतं. आणि इथं पहिला धक्का बसतो तो असा, की अवकाशापेक्षा समुद्राचा तळ दाखवणं अवघड आहे.

आमच्या सोलापूरच्या हिशोबात सांगतो. सोलापूर ते विजयपूर साधारण १०० किलोमीटर. तेवढंच अंतर सरळ वर गेलात तर अवकाशाची जी हद्द मानतात, ती कारमान रेषा येते. सोलापूर ते मुंबई साधारण ४०० किलोमीटर. तेवढ्या उंचीवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक फिरतं. आणि जगातली सगळ्यात खोल जागा, मारियाना गर्ता? जेमतेम ११ किलोमीटर. सात रस्त्यावरून गाडी काढली तर हायवेवरच्या एखाद्या ढाब्यापर्यंतचं अंतर.

२०२५ मध्ये ही दोन्ही टोकं आपण दीड महिन्यात गाठली. जूनच्या शेवटी शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकात पोचले. २८ जूनला त्यांनी पंतप्रधानांशी गप्पा मारल्या, त्या आपण लाइव्ह पाहिल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अटलांटिक महासागरात फ्रान्सच्या नॉटिल पाणबुडीतून दोन भारतीय खाली गेले. आर. रमेश ४,०२५ मीटरपर्यंत आणि निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग ५,००२ मीटरपर्यंत. ही दुसरी बातमी किती जणांच्या फीडमध्ये आली? पाच किलोमीटर खालून कुणी लाइव्ह गप्पा मारल्या नाहीत, कारण तशा मारताच येत नाहीत.

कारण आहे पाणी. रेडिओ लहरी अवकाशात प्रकाशाच्या वेगानं येतात. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब, तरी तिथला सिग्नल साधारण सव्वा सेकंदात पोचतो. पण खाऱ्या पाण्यात या लहरी शिरल्या की थोड्याच अंतरात विरून जातात. मोबाईल, वायफाय, जीपीएस, सगळं बंद. पाण्यात लांब जातो तो आवाज. म्हणून पाणबुडीशी बोलायला ध्वनिलहरींचा फोन वापरतात. आवाज समुद्रात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. सहा किलोमीटर खालून शब्द वर यायला चार सेकंद, आणि उत्तर परत जायला आणखी चार. त्यात या लहरींवरून डेटा जातो तो इतका कमी, की व्हिडिओ कॉल विसराच.

दुसरं कारण दाब. पाच-साडेपाच परस विहिरीच्या तळाशी, म्हणजे साधारण १० मीटरवर, हवेच्या दाबाइतकाच आणखी एक दाब अंगावर येतो. पुढच्या प्रत्येक १० मीटरला तसाच एकेक वाढत जातो. अवकाशयानाच्या भिंतीला आतल्या एका वातावरणाचा दाब पेलायचा असतो. ६,००० मीटरवर हाच आकडा सहाशेच्या घरात जातो, तोही बाहेरून आत. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत ‘समुद्रयान’ मोहिमेसाठी मत्स्य-६००० ही पाणबुडी तयार होतेय. तीन माणसं बसणारा तिचा गोळा आतून फक्त २.१ मीटरचा, आणि त्याची टायटॅनियम मिश्रधातूची भिंत ८० मिलिमीटर जाड. बाहेर लावायचा प्रत्येक कॅमेरा, प्रत्येक दिवा हाच दाब सोसणारा लागतो.

१८ जून २०२३ ला टायटन पाणबुडी टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना चिरडली गेली. आतले पाचही जण गेले. त्यानंतर ‘टायटन फुटतानाचा खरा व्हिडिओ’ म्हणून ॲनिमेशनं फिरली. जरा विचार करा, त्या अंधारात, तेवढ्या खोल, शूट कोण करत होतं? नंतर अमेरिकेच्या तटरक्षक दलानं जी खरी दृश्यं दिली, त्यात वाळूत रुतलेला पाणबुडीचा मागचा तुकडा आहे. बस. ना धमाका, ना बुडबुडे.

मग खोल समुद्राचे सुंदर व्हिडिओ येतात कुठून? बहुतेक वेळा केबलमधून. जहाजावरून एक लांबलचक ऑप्टिकल फायबरची केबल सोडतात, तिच्या टोकाला माणूस नसलेलं, रिमोटवर चालणारं वाहन. त्याचे दिवे लागतात तेवढाच गोल उजेडात दिसतो. सूर्याचा उजेड २०० मीटरनंतर नावापुरता, १,००० मीटरनंतर शून्य. म्हणून मारियाना गर्तेच्या नावानं छान निळंशार पाणी दिसणारी रील आली, की ती खोटी किंवा दुसरीकडची आहे असं खुशाल समजा. खऱ्या व्हिडिओत मागे मिट्ट काळोख असतो. कोपऱ्यात बऱ्याचदा खोली, तारीख, वेळ दिसते. कधी कधी दोन छोटे लेझरचे ठिपकेही दिसतात. त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, सहसा १० सेंटीमीटर. त्यावरून प्राणी केवढा ते कळतं.

हे ठिपके नसले की काय होतं? २०२५ च्या सुरुवातीला स्पेनच्या तेनेरिफे बेटाजवळ खोल समुद्रातला काळा अँगलरफिश चक्क पृष्ठभागावर आला. दातांचा जबडा, अक्राळविक्राळ तोंड. ‘मरण्याआधी तिला उजेड बघायचा होता’ अशा ओळी लिहून लोक रडले. अनेकांना तो राक्षसी मासा वाटला. प्रत्यक्षात या जातीची मादी फार तर वीतभर असते. नर तर बोटाच्या पेराएवढे. कॅमेरा जवळ होता, शेजारी मापाला काही नव्हतं, एवढंच.

अवकाशात मापाचा घोळ कमी, रंगांचा जास्त. जेम्स वेब दुर्बीण इन्फ्रारेड प्रकाश टिपते, जो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. हबलचे कित्येक प्रसिद्ध फोटो वेगवेगळे फिल्टर लावून काढलेल्या कृष्णधवल चित्रांवर रंग देऊन बनतात. गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा, अशी एक ठरलेली पद्धत आहे. नकाशात डोंगर तपकिरी दाखवतात, तसंच हे. रंग माहिती सांगायला दिलेला असतो. २०२२ मध्ये नासानं टाकलेला ‘कृष्णविवराचा आवाज’ही तसाच. पर्सियस दीर्घिकासमूहातल्या वायूत उठलेल्या दाबलहरी ५७-५८ सप्तकं वर चढवल्या, तेव्हा कुठे त्या कानाला ऐकू आल्या. नासानं हे लिहिलं होतं. रील बनवणाऱ्यांनी तेवढी ओळ गाळली.

ही गाळलेली ओळ हाच खरा प्रश्न आहे. मूळ व्हिडिओ इंग्रजीत, खाली सविस्तर माहिती. त्यातला मिनिटभर कापून, त्यावर यंत्राचा मराठी आवाज चढवून तो आपल्यापर्यंत येतो. आवाज मराठी होतो, माहिती मात्र तिकडेच राहते. सोलापूरकरांचा समुद्राशी संबंध म्हणजे शाळेची कोकण सहल. त्यामुळे इथल्या पोराला खोल समुद्र दिसणार तो मोबाईलमध्येच.

आपल्याच भाषेत सांगितलं तर काय होतं, ते २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अर्जेंटिनात दिसलं. मार देल प्लाता इथल्या समुद्रातल्या खोल घळीत सुबॅस्टियन नावाचं रिमोट वाहन उतरवलं होतं. तिथले शास्त्रज्ञ यूट्यूबवर तासन् तास लाइव्ह, स्पॅनिशमध्ये, एकमेकांची चेष्टा करत, नवा प्राणी दिसला की ओरडत. एकेका वेळी हजारो लोक बघत बसायचे. एका गुबगुबीत तारामाशाला लोकांनी कार्टूनमधल्या पॅट्रिकचं नाव दिलं आणि तो देशभर हिट झाला. ना म्युझिक, ना एडिटिंग.

आपल्याकडे दाखवण्यासारखं काही नाही, असं थोडंच आहे? गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजानं २६ जानेवारी १९८१ ला अरबी समुद्राच्या तळावरून बहुधातूंचा पहिला गोटा वर काढला. डिसेंबर २०२४ मध्ये वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रानं आणि चेन्नईच्या संस्थेनं हिंदी महासागरात सुमारे साडेचार किलोमीटर खोल असलेल्या जिवंत उष्ण झऱ्याचे फोटो काढले. समुद्रतळाच्या भेगांत शिरलेलं पाणी खालच्या उष्णतेनं तापतं, खडकातली खनिजं विरघळवून परत वर उसळतं. थंड पाण्याला भिडलं की खनिजांचे कण बाहेर पडतात. फोटोत धुरासारखं दिसतं ते हेच. एवढी मोठी गोष्ट, पण बातमी एका दिवसात मागे पडली.

तो फोटो सापडला तर त्यातल्या खडकाकडे जरूर बघा. महासागराचा तळ बहुतांशी बेसाल्टचा आहे. चंद्रावर आपल्याला जो ससा दिसतो, ते काळे डागही थिजलेल्या लाव्ह्याचे, म्हणजे बेसाल्टचेच. आणि सोलापूरचा भुईकोट किल्ला ज्या काळ्या दगडात बांधलाय, तोसुद्धा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झालेला. त्याला हात लावून बघायला केबल लागत नाही, पार्क चौकात उतरलं की झालं.