घरच्या पीसीबीसाठी ड्रिल बिट

रेझिस्टर आणि आयसीच्या पायांना ०.८ मिमीचं भोक पुरतं. १एन४००७ डायोडचे पाय जाड, त्याला १ मिमी हवं. हेडर पिनची बाजू ०.६४ मिमी असते म्हणून फसू नका. पिन चौकोनी आहे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती ०.९ मिमी भरते. तिलाही १ मिमीच.

बोर्ड ग्लास-इपॉक्सीचा असेल तर त्यातली काच साध्या एचएसएस बिटची धार लवकर खाते. कार्बाइड बिट टिकतो, पण भारी ठिसूळ. हातातलं ड्रिल जरासं कललं की ‘टक्’ आवाज येतो आणि अर्धा बिट भोकातच राहतो. म्हणून कार्बाइड घ्यायचा तर छोटा ड्रिल स्टँडही घ्याच; हा खर्च टाळू नये. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर बिट घेताना दांडा पाहा: बहुतेक कार्बाइड बिटांचा ३.१७५ मिमी असतो, तो आपल्या चकात बसायला हवा.

पॅडच्या मधोमध तांबं नसलेला बारीक ठिपका ठेवला, तर बिट आपोआप तिथेच बसतो. खाली लाकडाची फळी ठेवा. काचेची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. मास्क हवाच, आणि डोळ्यांवर चष्माही.