बेंचमार्किंग म्हणजे काय? दुसऱ्याचा स्कोअर नको, पद्धत बघा

नवीन फोन घ्यायचा म्हटलं की आपण आधी काय बघतो? अंतुतू नाहीतर गीकबेंचचा स्कोअर. ज्याचा आकडा मोठा, तो फोन भारी! कंपन्याही आपल्या कामाचं असंच बेंचमार्किंग करतात. पण तिथे नुसता आकडा बघितला तर काय होतं, हे मी पहिल्याच नोकरीत बघितलं.

आमच्या मॅनेजरनी दोन टीमची तुलना सुरू केली: आठवड्यात कोणी किती टिकेट बंद केली? शेजारच्या टीमचा आकडा आमच्या दुप्पट होता. मग आम्ही काय केलं? एका कामाची तीन-तीन टिकेट पाडली. महिन्याभरात आकडा वर गेला, ग्राहकांच्या तक्रारी मात्र तेवढ्याच राहिल्या. आमच्यातला एक जण तीन आठवडे एकाच अवघड बगच्या मागे होता. त्याच्या नावावर एकच टिकेट, म्हणून अप्रेझलमध्ये तो सगळ्यात खाली. दोन महिन्यांत त्याने नोकरी सोडली. तो बग शोधणं किती गरजेचं होतं, हे तो गेल्यावर कळलं.

हा शब्द आला कुठून?

जमिनीची उंची मोजणारे सर्व्हेअर दगडावर किंवा भिंतीवर एक कायमची खूण कोरायचे. पुढची सगळी मापं त्या खुणेपासून घ्यायची. ती खूण म्हणजे बेंचमार्क. थोडक्यात, आपण कुठे आहोत हे सांगणारी खूण. तिथून वर कसं चढायचं, हे ती सांगत नाही.

झेरॉक्सने काय केलं?

धंद्यातलं बेंचमार्किंग गाजलं ते अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीमुळे. १९७० च्या दशकाच्या शेवटी जपानी कंपन्या त्यांची कॉपी मशीन जवळपास तेवढ्या किमतीला विकत होत्या, जेवढा झेरॉक्सला मशीन बनवायलाच खर्च यायचा. १९७९ मध्ये झेरॉक्सने पद्धतशीर तुलना सुरू केली. स्पर्धकांची मशीन उघडून एकेक भाग तपासला.

खरी गंमत पुढे आहे. झेरॉक्सच्या गोदामातून माल काढायला वेळ लागत होता. त्यासाठी रॉबर्ट कॅम्प आणि त्यांचे सहकारी गेले ते एल. एल. बीन या कंपनीकडे. ही कंपनी बूट आणि कपडे विकणारी, कॉपी मशीनशी तिचा काही संबंध नाही! पण तिथले कामगार झेरॉक्सच्या जवळपास तिप्पट वेगाने माल काढत होते.

हा आकडा भिंतीवर चिकटवून 'तुम्हीही पळा' असं झेरॉक्सने सांगितलं असतं, तर लोक दमले असते, बस. त्यांनी पद्धत बघितली. जास्त खपणारा माल जवळ ठेवलेला होता आणि कामगाराला कमी चालावं लागेल अशा तऱ्हेने ऑर्डर लावल्या जात होत्या. कॅम्प यांनी १९८९ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि ही पद्धत जगभर गेली.

हॉस्पिटल आणि फॉर्म्युला वन

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलने तर आणखी लांब बघितलं. हृदयाच्या ऑपरेशननंतर मुलाला आयसीयूत नेताना गोंधळ व्हायचा. डॉक्टरांनी फेरारीच्या फॉर्म्युला वन टीमचं काम बघितलं: पिट स्टॉपला कोण पुढाकार घेतो, कोणाचं काम कोणतं, क्रम काय. तशी शिस्त लावल्यावर चुका कमी झाल्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता काय बदललंय?

एकच आकडा धरला की लोक त्या आकड्याशीच खेळतात. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो: माप हेच ध्येय झालं की ते चांगलं माप राहत नाही. आमच्या टिकेटचं हेच झालं होतं.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये आता आकडे जोडीने बघतात. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या २०१८ च्या पुस्तकात चार मापं आहेत. दोन वेगाची: नवीन कोड किती वेळा लाईव्ह जातो आणि तो लाईव्ह जायला किती वेळ लागतो. दोन भरवशाची: किती बदल फसतात आणि बिघडलेलं किती वेळात पूर्ववत होतं. नुसता वेग वाढवला आणि काम बिघडलं, तर दुसरी जोडी लगेच दाखवते.

पुढे एकदा चहा पिताना मी शेजारच्या टीममधल्या एकाला विचारलं, "तुमची इतकी टिकेट कशी काय बंद होतात रे?" तो म्हणाला, "टेस्ट आपोआप चालतात आमच्या. तुम्ही अजून हाताने करता?"

बस, एवढंच होतं. आठ महिने आम्ही त्यांचा आकडा बघत होतो आणि ते दहा पावलांवर बसत होते.

उद्या तुमची कोणाशी तुलना झाली, मग ते मार्क असोत, सेल्स असो की फॉलोअर्स, तर 'किती?' नंतर 'कसं?' हेही विचारा.