शाळेच्या हस्तलिखिताची एकच प्रत

नाशिकास द्वारकेच्या चौकांत पुण्याचा रस्ता मुंबई-आग्रा महामार्गास येऊन मिळतो. वर उड्डाणपुलावरील वाहनांचा गडगडाट, खालीं रिक्षा, बसगाड्या व मालमोटारी यांची खेंचाखेंच. अशा ठिकाणीं कोणी साहित्याची गोष्ट काढील, अशी अपेक्षा करण्याचें कारण नाहीं. तथापि गेल्या डिसेंबरांत एका तिन्हीसांजेस ह्याच चौकाजवळच्या आमच्या बिऱ्हाडीं शेजारची आठवींतील एक मुलगी आणि तिच्या वर्गांतील दोन मुलगे असें त्रिकूट आलें, आणि त्यांनीं जें मागितलें त्यामुळें पुढचे दोन महिने मला स्वस्थता लाभली नाहीं.

त्यांच्या शाळेंत २७ फेब्रुवारीस, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशीं, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त हस्तलिखिताचें प्रकाशन व्हावयाचें होतें. हीं तिघें त्याचे संपादक. ‘जुन्या हस्तलिखितांतून’ असें एक सदर त्यांनीं योजलें होतें, आणि मीं शाळेंत असतांना गोदावरीच्या महापुरावर कांहीं लिहिलें होतें, हें त्या मुलीनें आपल्या आजीच्या तोंडून ऐकलें होतें. आजी माझ्याच शाळेची विद्यार्थिनी. “आजोबा, तो लेख आम्हांला द्या ना,” मुलगी म्हणाली, “उतरवून घेऊं आणि लगेच परत करूं.”

१९६९ च्या सप्टेंबरांत आलेला तो पूर. मी त्या वेळीं आठवींत होतों. लेख लिहिल्याचें, तो हस्तलिखितांत आल्याचें आणि समोरच्या पानावर वर्गबंधूनें दुतोंड्या मारुतीचें चित्र काढल्याचें मला स्पष्ट स्मरत होतें. लेखांत काय होतें तें मात्र मुळींच आठवेना. मीं मोठ्या ऐटींत आश्वासन दिलें कीं, मी स्वतः शाळेंत जाऊन तो काढून आणतों.

शाळेचें नांव येथें सांगत नाहीं. तेथील मंडळी सौजन्यानें वागलीं, चहा झाला, कपाटेंहि उघडून दाखविलीं. ढाली होत्या, करंडक होते, परीक्षांच्या निकालांचे तक्ते चौकटींत बसवून जपलेले होते. हस्तलिखितें नव्हतीं. कांहीं वर्षांपूर्वीं इमारतीस रंग देतांना जुनें कागदपत्र रद्दींत गेलें, त्यांतच तीं गेलीं असावीं, असें एका वृद्ध शिपायानें सांगितलें. कोणाला दोष द्यावा? मींच त्या वेळीं घरीं एक नक्कल करून ठेवली नाहीं, आणि पुढें पन्नासांहून अधिक वर्षें त्या बाजूस फिरकलोंहि नाहीं.

हस्तलिखिताचें हें दुर्दैव त्याच्या जन्मांतच आहे. छापील वार्षिकाच्या पांचशें प्रती निघतात. चारशें नव्याण्णव हरवल्या तरी एखाद्या विद्यार्थ्याच्या ट्रंकेंत एक उरते. हस्तलिखित एकच. ताव आंखावयाचे, समास सोडावयाचा, ज्यांचें अक्षर मोत्यासारखें त्यांनीं इतरांचे लेख स्वच्छ उतरावयाचे, चित्रकलेच्या सरांकडून मुखपृष्ठास संमति मिळवावयाची, अनुक्रमणिका सर्वांच्या शेवटीं लिहून सर्वांच्या आधीं लावावयाची, आणि मग शिवण. आमच्या वेळीं टांक आणि दौत असे; आतां जेल पेन व कार्डशीट आलें, शिवणीच्या जागीं तारेचें वेटोळें आलें. काम तेंच आहे. आणि त्यांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती शाळेच्या इतर कोणत्याहि लेखनांत नसते. येथें लिहिलेल्या मजकुरास गुण मिळत नाहींत. मूल येथें परीक्षकासाठीं लिहीत नाहीं, वाचणाऱ्यासाठीं लिहितें.

नाशिककरांस हें विशेष समजावें. पिंपळगांव बसवंत येथें वाढलेला शिरवाडकरांचा मुलगा माध्यमिक शिक्षणासाठीं नाशिकच्या न्यू इंग्लिश स्कुलांत आला; तीच आजची रुंगटा हायस्कूल. कोवळ्या वयांतच ‘बालबोधमेवा’ ह्या मुलांच्या मासिकांत त्याचें लेखन येऊं लागलें. पुढें कुसुम ह्या एकुलत्या एका बहिणीच्या नांवावरून त्यानें आपलें टोपणनांव घेतलें आणि १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्या नांवास मिळाला, ही कथा सर्वश्रुत आहे. मला त्यांतील आरंभच महत्त्वाचा वाटतो: मुलांचें लेखन घेणारी एक जागा त्या काळीं होती.

दुसरें उदाहरण खानदेशांतील. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ ते १९३० पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते, आणि तेथील छात्रालयाचा भार त्यांच्याकडे होता. तेथें त्यांनीं ‘छात्रालय’ नांवाचें दैनिक चालविलें, आणि तेंहि हस्तलिखित. दिवसभर वर्ग, सायंकाळीं मुलांची देखभाल, आणि तरीहि मुलांना रोज वाचावयास ताजें पान! वार्षिक हस्तलिखित काढतांना ज्यांचा जीव मेटाकुटीस येतो, त्यांनीं ह्या दैनिकाचा विचार करावा. १९२८ सालीं त्यांनीं ‘विद्यार्थी’ हें मासिकहि सुरू केलें. पुढें १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ अवघ्या पांच दिवसांत लिहिली, याचें आपणांस नवल वाटतें. मला तितकें वाटत नाहीं. मुलांसाठीं रोज लिहिण्याची संवय त्या हातास आधींच जडलेली होती.

रिकाम्या हातांनीं परतल्यावर मुलांना काय सांगावें, हा प्रश्न होता. मीं खरें तें सांगितलें. तिघांचे चेहरे उतरले. तेव्हां त्यांच्या समाधानासाठीं, आणि थोडें माझ्याहि, मीं त्यांना दूर युरोपांतील एका हस्तलिखिताची हकीकत सांगितली.

प्राग शहराच्या उत्तरेस टेरेझीन म्हणून एक गांव आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं तेथें ज्यू लोकांस कोंडून ठेविलें होतें. तेथील एका जुन्या शाळेच्या इमारतींत मुलांना ठेवीत. त्यांतील एका खोलीच्या मुलांनीं १९४२ च्या डिसेंबरांत ‘वेदेम’ नांवाचें साप्ताहिक सुरू केलें. संपादक पेत्र गिंझ. वय चौदा, म्हणजे आमच्या द्वारकेच्या संपादकांहून फार मोठा नव्हे. आरंभीं अंक टंकयंत्रावर निघत, पुढें तें साधन संपल्यावर हातानें. प्रत एकच. दर शुक्रवारीं रात्रीं मुलें एकत्र बसत आणि ज्यानें त्यानें आपला लेख मोठ्यानें वाचावयाचा. कविता, थट्टा, स्वयंपाकघराच्या भेटीचें वर्णन, सारें त्यांत असे. ह्या खोलींतून सुमारें शंभर मुलें गेलीं. त्यांपैकीं पंधराच्या आसपास वांचलीं. पेत्र १९४४ सालीं आउश्वित्झ येथें मारला गेला. झ्देनेक टाउसिग नांवाचा मुलगा मागें राहिला होता. त्यानें सर्व अंक लोहाराच्या भट्टीजवळ लपवून ठेविले, आणि १९४५ च्या मे महिन्यांत सुटका झाल्यावर बाहेर काढले. सुमारें आठशें पानें हातीं लागलीं. पेत्रनें काढलेलें चंद्रावरील देखाव्याचें एक चित्र होतें. त्याची नक्कल इलान रामोन हा अंतराळवीर २००३ सालीं ‘कोलंबिया’ यानांतून बरोबर घेऊन गेला. १ फेब्रुवारीस परततांना तें यान नष्ट झालें. आपली कल्पना चावलाहि त्याच यानांत होती. त्या दिवशीं पेत्र असता तर पंचाहत्तर वर्षांचा झाला असता.

मुलें बराच वेळ गप्प होतीं. मग त्यांतील एका मुलानें विचारलें, “लपवून ठेवणारा मुलगा कोणीं निवडला होता?” कोणीं नाहीं, मी म्हणालों, तोच उरला होता.

आतां द्वारकेच्या अंकाविषयीं. मुलांच्या आवाहनास साठांवर लेख आले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एकाच सांच्यांतले निघाले. ‘आजच्या धकाधकीच्या युगांत’ ही सुरुवात नऊ लेखांची होती. हल्लीं भ्रमणध्वनीस विषय सांगितला कीं तो क्षणांत निबंध ओतून देतो. शुद्धलेखनाची एक चूक सांपडावयाची नाहीं. भाषेस २०२४ च्या ऑक्टोबरांत अभिजात दर्जा मिळाला, २०२० च्या कायद्यानें राज्यांतील सर्व शाळांतून मराठी शिकविणें सक्तीचें झालें; दोन्ही गोष्टींचा आनंद आहे. परंतु मुलानें आपल्या मनांतील चार ओळी आपण होऊन मराठींत लिहाव्या, ही सक्ती कोणता कायदा करणार?

मराठीच्या बाईंनीं युक्ति काढली. ती त्यांना टेरेझीनच्या हकीकतीवरून सुचली असें मुलगी सांगते. प्रत्येकानें संपादकांसमोर आपला लेख मोठ्यानें वाचावयाचा, आणि कोणीं शब्दाचा अर्थ विचारल्यास सांगावयाचा. एका आठवड्यांत पंचवीस लेख लेखकांनींच परत नेले. त्यांतील कांहीं पुन्हां लिहून आणले, ते आंखूड होते आणि चांगले होते.

एका मुलाचें मीं मुद्दाम वाचलें. घरीं मराठी धड बोललें जात नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा मेळ नाहीं. सुट्टींत तो बापाच्या मित्राबरोबर, ज्यास तो मामा म्हणतो, लासलगांवच्या कांदा-बाजारांत गेला होता. भाव, आवक, लिलाव यांविषयीं त्यानें फारसें लिहिलेंच नाहीं. ट्रॅक्टरांच्या रांगेंत बसल्या बसल्या मामानें जेवणाचा डबा दोनदां उघडला आणि दोनदां न जेवतां झांकला, एवढें मात्र लिहिलें आहे. मी आयुष्यभर वर्तमानपत्रांतून कांद्याच्या बातम्या वाचल्या. ही बातमी मला त्यांत कधीं सांपडली नव्हती.

माझी पाळीहि आली. हरवलेल्या लेखाऐवजीं मीं नवा लिहून द्यावा, असें ठरलें. मीं चार रात्री बसून सात पृष्ठें लिहिलीं. गोदामाईचें रौद्र रूप, जलप्रलयाचें तांडव, निसर्गापुढें मानवाची क्षुद्रता, कांहीं म्हणून शिल्लक ठेविलें नाहीं. नियमाप्रमाणें मोठ्यानें वाचूनहि दाखविलें. मुलें मर्यादशील; ऐकून घेतलें. मग मुलगी हळूच म्हणाली, “आजोबा, भाषा फार छान आहे. पण तुम्ही तेव्हां कोठें उभे होतां?”

वाचकहो, साठी उलटलेल्या माणसास आठवींतील मुलीनें लेख परत करावा, हा प्रसंग सोपा नाहीं. रात्रीं अंथरुणावर पडलों तरी तो प्रश्न जाईना. आणि पहाटे केव्हां तरी एकाएकीं मी कोठें उभा होतों तें दिसलें. सराफ बाजाराच्या वरच्या अंगास एका उंच ओट्यावर आम्ही उभे होतों. दुतोंड्या मारुति पाण्याखालीं केव्हांच गेला होता. माणसें बोलत नव्हतीं. कोणी तरी पायऱ्या मोजीत होता, आणि दर थोड्या वेळानें त्याचा आंकडा एकानें कमी होई. वडिलांनीं माझें मनगट धरलें होतें, इतकें घट्ट कीं दुसऱ्या दिवशीं तें दुखत होतें. वडील कशास भितात हें मीं त्यापूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें.

एवढेंच लिहून दिलें. अर्धें पान झालें. तें १९६९ च्या लेखांत होतें कीं नव्हतें, हें आतां कोणासहि सांगतां यावयाचें नाहीं. तेरा वर्षांच्या मुलानें त्या वेळीं काय काय टिपलें असेल, कोणती दुकानें, कोणाचे आवाज, पाण्याचा रंग. तें सर्व रद्दीच्या भावानें गेलें.

२७ फेब्रुवारीस समारंभ झाला. भाषणें लांबलीं, तें सोडून देतों. अंक चांगला जाड झाला आहे. चौक ओलांडतांना शाळकरी मुलांची होणारी त्रेधा, हा एका सहावींतल्या मुलीचा लेख त्यांत पहिला आहे, आणि तो नगरपालनाचें काम पाहणाऱ्यांनीं वाचावा असा आहे. एका वजनदार पाहुण्यांनीं सूचना केली कीं, पुढील वर्षापासून हें सर्व संगणकावर जुळवून रंगीत छापावें म्हणजे सुबक दिसेल. टाळ्या पडल्या. मुलांनींहि वाजविल्या; पण नंतर बाईंकडे जाऊन, छापावयाचें तर छापा, आमचें हातचें राहूं द्या, असें तीं सांगून आलीं. प्रत्येक पानाचें छायाचित्र काढून तें दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवण्याचें कामहि त्यांनीं त्याच आठवड्यांत उरकलें.

मूळ प्रतीसाठीं ग्रंथालयांत एक कप्पा मिळाला आहे. त्याचा रक्षक मुलांनीं मतें घेऊन निवडला: तो कांद्याचा लेख लिहिणारा मुलगा. किल्ली त्याच्याकडे असते, आणि नोंदवहीहि. अंक एकदां स्वस्थपणें वाचावा म्हणून मीं तो शनिवारीं घरीं मागितला. त्यानें नोंदवहीच्या पहिल्या ओळींत माझें नांव लिहिलें, पत्ता विचारला, सही घेतली, आणि सोमवारीं पहिल्या तासाच्या आंत परत पाहिजे असें बजावलें. हा मजकूर रविवारीं रात्रीं लिहीत आहें. अंक समोर टेबलावर आहे, आणि अद्याप माझीं तीस पानें वाचावयाचीं राहिलीं आहेत.