नोकरी सांभाळून संग्रहालयशास्त्राची पदवी : ऑनलाइन शिक्षण कितपत उपयुक्त?

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात, इचलकरंजीला लागून असलेले कबनूर हे यंत्रमागांचे गाव आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि कालांतराने हा व्यवसाय आसपासच्या गावांत पसरला. आता साध्या मागांची जागा बिनधोट्याचे वेगवान माग घेत असून जुने माग भंगारात निघत आहेत. त्यांपैकी एखादा माग, त्याचा धोटा, कांड्या आणि तो दुरुस्त करणाऱ्या जॉबरचे ज्ञान पुढील पिढीसाठी जपावयाचे असेल, तर केवळ खोली बांधून भागणार नाही. वस्तूची नोंद, निगा व मांडणी जाणणारी माणसे त्यासाठी हवीत. अशी माणसे कोठे व कशी तयार होतात, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

शिक्षणाच्या प्रचलित सोयी

संग्रहालयशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण आपल्या देशात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९५२ मध्ये सुरू केले. नवी दिल्लीत १९८९ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदव्युत्तर पदविकेची सोय आहे. तथापि, या सर्व सोयी मोठ्या शहरांतील आहेत. कोल्हापुरातील किंवा सांगलीतील एखाद्या संग्रहालयात काम करणाऱ्या आणि कबनूरसारख्या गावी संसार असलेल्या कर्मचाऱ्यास एक-दोन वर्षे नोकरी सोडून तेथे राहणे सहसा परवडत नाही. परिणामी, वर्षानुवर्षांचा अनुभव असूनही पदवीअभावी त्याची बढती अडते.

ही अडचण इतर देशांतही जाणवली होती. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात १९६६ पासून संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे पुढे दूरशिक्षणाची सोय झाली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने या विषयाची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन उपलब्ध करून दिली.

पडद्यावर काय शिकता येते?

संग्रहालयाच्या कामाचा बराच भाग वाचन, लेखन व नियोजन यांचा असतो. संग्रहाची नोंदवही कशी ठेवावी, वस्तू देणाऱ्याकडून कोणते कागद घ्यावेत, प्रदर्शनाचा आराखडा व माहितीफलक कसे तयार करावेत, शाळांसाठी कोणते उपक्रम योजावेत, हे विषय घरी बसून उत्तम प्रकारे शिकता येतात. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ यातील तरतुदींचेही तसेच. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती व पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित कायद्याने पुरावशेष ठरू शकते, हे समजण्यास वर्गात बसण्याची गरज नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेल्या ‘जतन’ या प्रणालीसारखी संगणकीय नोंदीची साधने तर संगणकावरच शिकावयाची असतात.

नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याचा एक विशेष लाभही आहे. सकाळी वाचलेला धडा तो दुपारी आपल्या संग्रहालयात पडताळून पाहू शकतो.

हाताने काय शिकावे लागते?

मात्र वस्तूच्या निगेचे शिक्षण केवळ पडद्यावरून पुरे होत नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयाचे उदाहरण घेऊ. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात ब्रह्मपुरी येथे मिळालेली पोसायडन या ग्रीक देवतेची कांस्यमूर्ती आहे. कोणत्याही कांस्यवस्तूत क्षार मुरलेले असल्यास पावसाळ्यातील दमट हवेत ते जागे होतात, पृष्ठभागावर फिकट हिरवी भुकटी येते आणि धातू आतून पोखरला जातो. उलट, कठीण व गुळगुळीत असा गडद हिरवा थर बहुधा स्थिर असतो. तो खरवडून काढल्यास वस्तूचीच हानी होते. हा फरक पुस्तकात चार ओळींत सांगता येतो, पण तो ओळखणारी नजर जाणत्या शिक्षकाशेजारी उभे राहूनच तयार होते. जुने वस्त्र घडी न घालता रुळावर गुंडाळणे, नाजूक वस्तू उचलणे, वाळवी व कसर यांची खूण वेळीच ओळखणे या गोष्टीही अशाच आहेत. लखनौ येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय जतन प्रयोगशाळेची अल्पमुदतीची प्रशिक्षणे याकामी उपयोगी पडतात.

प्रवेशापूर्वी पाहावयाच्या बाबी

पहिली बाब मान्यतेची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे विनियम केले. त्यांनुसार मान्यताप्राप्त संस्थेने दिलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानावी, असे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणून संस्थेचे व त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचे नाव आयोगाच्या यादीत प्रवेशाच्या वर्षासाठी आहे काय, हे पाहावे. परदेशी पदवीची समकक्षता पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावी. दुसरी बाब प्रात्यक्षिकाची. किती दिवस, कोठे व कोणाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावयाचे, हे लेखी मिळाले पाहिजे. तिसरी, आपल्याच संग्रहालयातील काम प्रकल्प म्हणून धरले जाते काय? चौथी बाब भाषेची व खर्चाची. अध्यापन इंग्रजीत असेल, तर मराठी माध्यमातून शिकलेल्या कर्मचाऱ्यास अधिक वेळ लागेल, हे गृहीत धरावे. शुल्काबरोबरच प्रात्यक्षिकासाठी प्रवास व निवास यांचा खर्चही मोजावा.

कार्यालये व ग्रामसंस्थांचे कर्तव्य

अशा शिक्षणाचे यश एकट्या विद्यार्थ्यावर अवलंबून नाही. कार्यालयाने प्रात्यक्षिकाच्या दिवसांसाठी रजा मंजूर केली, अनुभवी अभिरक्षकाने मार्गदर्शन केले आणि मिळालेल्या पदवीची दखल सेवेत घेतली गेली, तरच तिचे चीज होईल. ऑनलाइन पदवी ही स्वस्तातील पळवाट समजू नये, तशीच ती कमी प्रतीची म्हणून झिडकारूही नये. ज्ञान पडद्यावरून व कौशल्य हातावरून, अशी जोड ज्या अभ्यासक्रमात आहे तोच निवडावा.

पंचायत सदस्य व शिक्षक यांनाही यात वाटा उचलता येईल. प्रशिक्षित माणूस मिळेपर्यंत गावातील जुन्या मागांची छायाचित्रे, त्यांच्या भागांची स्थानिक नावे आणि वृद्ध कारागिरांच्या आठवणी शाळेच्या वहीत उतरवून ठेवता येतील. उद्या एखादा शिकलेला अभिरक्षक कबनुरात आला, तर या नोंदींवरच त्याचे काम उभे राहील. नोंद राहिली नाही, तर माग जपूनही त्याच्या हाती केवळ लोखंड उरेल.