डोक्यात कपाट नसतं

नेरूळला आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "माझी शॉर्ट टर्म मेमरी गेली बघा. काल काय जेवलो ते आठवत नाही, पण बहात्तरचा दुष्काळ लख्ख आठवतो!" तक्रार खरी असेल, पण नाव चुकलंय. मानसशास्त्रात अल्पकालीन स्मृतीचा पल्ला जेमतेम काही सेकंदांचा. कालचं जेवण तिच्या हद्दीतून कालच बाहेर पडलं.

तिचं खरं काम बघायचं तर ओटीपी आठवा. सहा आकडे वाचायचे, पुटपुटत राहायचं, टाइप करायचे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून "कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?" असं आलं की आकडे गेलेच. 1959 मध्ये पीटरसन दांपत्याने हेच प्रयोगात पाहिलं: लोकांना तीन अक्षरं सांगितली आणि लगेच उलटे, तीन-तीनने आकडे मोजायला लावले. 18 सेकंदांत बहुतेकांची अक्षरं गळाली.

डोक्यात कप्पे असतात ही कल्पना बळावली ती 1968 च्या ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांच्या आराखड्यामुळे: आधी इंद्रियांची क्षणिक नोंद, मग अल्पकालीन, मग दीर्घकालीन स्मृती. 1974 मध्ये बॅडली आणि हिच यांनी मधला कप्पा मोडीत काढला. तो कप्पा नव्हे, कामाचा ओटा आहे, असं त्यांचं म्हणणं. आवाजाचं एका बाजूला चालतं, चित्राचं दुसऱ्या, आणि कुठे लक्ष द्यायचं हे ठरवणारा वेगळाच. आपण मराठीत 'लक्षात ठेव' म्हणतो. शब्द नकळत नेमका पडलाय.

त्या ओट्यावर सातच गोष्टी मावतात, हे अनेकांनी ऐकलेलं असतं. जॉर्ज मिलरने 1956 मध्ये सातच्या आसपासचा आकडा सांगितला खरा, पण 2001 मध्ये नेल्सन कोवनने तो चारेकवर आणला. शिवाय गोष्ट म्हणजे काय, हे माणसागणिक बदलतं. वाशी ते पनवेल ही दहा स्टेशनं हार्बरच्या रोजच्या प्रवाशाला एकच माळ असते; नव्याला दहा वेगळी नावं.

एका माणसाची हकिगत तर 'स्मृती म्हणजे एकच कपाट' ही कल्पनाच उधळून लावते. 1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसनच्या फिट्स थांबाव्यात म्हणून डॉक्टरांनी मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. पुढे त्याला आकडे ऐकवले तर तो लगेच बरोबर परत म्हणायचा. पण भेटायला आलेली व्यक्ती बाहेर जाऊन आली की त्याला अनोळखी. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. दिवसागणिक त्याचा हात सफाईने चालू लागला, आणि हे काम आपण पूर्वी केलंय याची त्याला आठवणच नव्हती!

पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून गेलं की पाठ होतं, हाही एक गोड गैरसमज. 20 रुपयांच्या हिरवट-पिवळ्या नव्या नोटेच्या मागे काय छापलंय? वेरूळची लेणी. आपण मराठी माणसं, नोट रोज हाताळतो, तरी किती जणांनी पाहिलं? दहावीच्या मुलांना सांगायला हवं: 2006 च्या रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात, धडा नुसता पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले.

विसरलं म्हणजे पुसलं गेलं, असंही नसतं. सिडकोने वसवलेल्या आमच्या नवी मुंबईत सेक्टर 15 वाशीत आहे, बेलापुरात आहे, खारघरातही आहे. सारखे पत्ते एकमेकांना धक्के देतात. मला घर बदलून दोन वर्षं झाली, तरी रिक्षात बसल्यावर तोंडात जुनाच सेक्टर येतो.

आणि स्मृती म्हणजे व्हिडिओ, हा सगळ्यांत चिवट समज. फ्रेडरिक बार्टलेटने 1932 मध्येच दाखवलं की माणूस आठवताना गोष्ट नव्याने रचतो. 1974 मध्ये लॉफ्टस आणि पामर यांनी अपघाताची फिल्म दाखवून काहींना विचारलं, गाड्या 'आदळल्या' तेव्हा वेग किती? काहींना 'धडकून चुराडा झाला' अशा अर्थाचा शब्द वापरून. दुसऱ्यांनी वेग जास्त सांगितला, आणि आठवड्याने त्यांच्यापैकी अधिक जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. फिल्ममध्ये काचा नव्हत्याच.

हे मी हसत वाचलं होतं. मग 26 जुलै 2005 च्या महापुराचा विषय निघाला. त्या रात्री मी मानखुर्दहून वाशीच्या खाडीपुलावरून चालत आलो; चपला हातात, पायाखाली गार डांबर. ही गोष्ट मी वीस वर्षं सांगतोय. भाऊ शांतपणे म्हणाला, "पुलावरून मी आलो. तू चेंबूरला मावशीकडे राहिलास, सकाळी आलास." मावशीला फोन लावला. तिच्या आठवणीत आम्ही दोघंही त्या रात्री तिच्याकडे पिठलं-भात जेवलो होतो.