रुखवत आणि मेजावरील पोर्सेलीनच्या बाहुल्या

ठाण्याच्या वर्तकनगरातील एखाद्या विवाहसमारंभात कार्यालयाच्या एका बाजूस रुखवत मांडलेले आढळते. त्यात लाडू, चकल्या, अनारसे असतात. त्यांच्या शेजारीच साखरेचे तुळशीवृंदावन, शेवयांची झोपडी आणि सुपाऱ्यांना वस्त्रे चढवून केलेले वधूवर व भटजी असतात. ही मंडळी खाद्यात मोडतात की शोभेच्या वस्तूंत, असा प्रश्न तेथे कोणास पडत नाही. अठराव्या शतकातील यूरोपीय पोर्सेलीनच्या लहान प्रतिमांविषयी मात्र तो विचारावा लागतो. त्या आज काचेच्या कपाटात उभ्या असतात, आणि त्यांचे मूळ स्थान जेवणाच्या मेजावर होते हे कपाटावरून कळत नाही.

‘रुखवत’ ह्या शब्दाचा अर्थपालट येथे उद्बोधक आहे. विवाहापूर्वी वधूपक्षाकडून वराला जानवशावर दिले जाणारे खाणे, हा त्याचा जुना अर्थ. खाण्याभोवती मांडणी वाढत गेली. आज ‘रुखवत पाहिले का?’ असे विचारतात, ‘खाल्ले का?’ असे नव्हे. शब्द तोच राहिला, क्रियापद मात्र बदलले.

यूरोपातील पालट ह्याच दिशेचा, परंतु तेथे पदार्थच बदलला. दरबारी मेजवानीच्या अखेरीस, गोडाच्या वेळी, मेजावर साखरेच्या प्रतिमा मांडण्याची चाल सोळाव्या शतकात रूढ होती. साखर व डिंक एकत्र मळून तो गोळा साच्यात दाबीत. हे काम हलवायाचे. १७०८ च्या सुमारास ड्रेस्डेन येथे बॉटगर ह्यास खऱ्या पोर्सेलीनची कृती साधली व १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. १७३१ मध्ये योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार तेथे आला, आणि साखरेची जागा हळूहळू पोर्सेलीनने घेतली. मेंढपाळ, तुर्क, विदूषक, फेरीवाले अशा प्रतिमांनी मेज भरू लागले. जेली, बिस्किटे व साखरेच्या गोळ्या मागे पडून त्यांच्या जागी सॅक्सनीच्या ह्या बाहुल्या आल्या, असे हॉरेस वॉल्पोलने १७५३ मध्ये थट्टेने नोंदविले आहे. सॅक्सनीचा मंत्री काउंट ब्र्यूल ह्याच्या घरी तर ह्या प्रतिमा हलवाईखान्याच्या ताब्यात असत. ही बाब किरकोळ नव्हे. घरातील व्यवस्थेच्या दृष्टीने त्या शिल्पे नव्हत्या. त्या गोडाच्या वाढपाचा भाग होत्या.

त्यांची घडण ह्या उपयोगातूनच समजते. समोरासमोर बसलेल्यांच्या दृष्टीआड काही होऊ नये म्हणून त्या बहुधा वीतभर उंचीच्या. आणि मेजाच्या दोन्ही बाजूंनी पाहणारे असल्यामुळे त्यांची पाठही पोटाइतक्याच काळजीने घडविलेली व रंगविलेली. शिवाय त्या एकेकट्या नसत. आरशांचे तळे, वाफ्यांची बाग, कुंपणे अशा रचनेत त्यांचा अर्थ लागे. संचातून निसटलेली एकटी प्रतिमा ही वाक्यातून उचललेल्या पदासारखी असते: रूप दिसते, संबंध दिसत नाही.

भाषेच्या अंगाने काही गोष्टी मनोरंजक आहेत. मराठी ‘साखर’ आणि जर्मन ‘त्सुकर’ ही दोन्ही अखेर ‘शर्करा’ ह्या शब्दाशी पोहोचतात. पहिला प्राकृतातून, दुसरा फारसी-अरबीच्या दूरच्या वाटेने. संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे साखर, तशीच खडी-वाळू आणि खापरीचा तुकडाही. हिंदीत ‘चीनी’ म्हणजे साखर, आणि ‘चीनी मिट्टी’ म्हणजे पोर्सेलीन. खुद्द ‘पोर्सेलीन’चे मूळ कवडीवाचक इटालियन शब्दात आहे, कारण तकाकी. फ्रान्समध्ये १७५० नंतर व्हँसेन येथे, पुढे सेव्र येथे, झिलई न देता भाजलेल्या शुभ्र प्रतिमा होऊ लागल्या. त्यांस नाव मिळाले ‘बिस्किट’, भटारखान्यातलेच. व्युत्पत्तीच्या अशा गाठीभेटींवरून कलेचा इतिहास सिद्ध होत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. तो सिद्ध होतो ब्र्यूलच्या हलवाईखान्यावरून.

मराठी अभ्यासकापुढील अडचण परिभाषेची आहे. ‘मूर्ती’ म्हटले की पूजा येते, ‘पुतळा’ म्हटले की स्मारक, ‘बाहुली’ म्हटले की खेळ. तिन्ही शब्दांत मेज नाही. ‘चिनी मातीची वस्तू’ ह्या नावाने द्रव्य कळते, प्रयोजन कळत नाही. रुखवतातील सुपारीच्या भटजीलाही स्वतंत्र जातिवाचक नाव नाही. तो ‘रुखवतातला’ असतो, आणि ह्या सप्तमीतच त्याचे प्रयोजन सांगून होते. त्या धर्तीवर ‘मेजावरील बाहुली’ ही संज्ञा थोडी लांब असली तरी ग्राह्य वाटते. ‘मेजबाहुली’ हा समास कानाला खटकतो.

मराठवाडा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच्या राजधानीत १९५१ मध्ये उघडलेल्या सालारजंग संग्रहालयात यूरोपीय पोर्सेलीनचा मोठा साठा आहे. तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याने अशा प्रतिमेची पाठ दिसेल अशा कोनात उभे राहून पाहावे, आणि तिच्या संचात आणखी कोण असावे ह्याचा अंदाज करावा.